सर्जा, तू शहाणा झालास तेव्हा

सर्जा,

तुझ्या दहाव्याला नदीकाठी तालुक्याचे कुणी पुढारी बोलायला उभे राहिले आणि माइकवर म्हणाले, "सर्जेराव म्हणजे शांत, समजूतदार, घरादाराकडं लक्ष असलेला माणूस." मी खाली सतरंजीवर बसलो होतो. क्षणभर वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला आलो. आजूबाजूला बघितलं तर सगळे माना हलवत होते. त्या पुढाऱ्यांचंही काही चुकलं नव्हतं. त्यांनी तुला पाहिलं ते शेवटच्या दीड-दोन वर्षांतच, खाटेवर बसलेलं.

मला उठून सांगावंसं वाटलं, की अहो, हा माणूस चाळिशीत शाळेतल्या पोरांबरोबर वडावर चढून सूरपारंब्या खेळायचा. राज्य आलं की भांडायचा. खोटं खेळला म्हणून चौथीतल्या एका पोराशी तू कितीतरी दिवस बोलत नव्हतास, आणि शेवटी त्या पोरानंच मोठेपणा दाखवून तुझ्याशी गट्टी केली. पण दहाव्याला असलं काही बोलत नाहीत. घरी शिरूरला आलो, तरी ते मनातून जाईना. म्हणून आता तुझ्याशीच बोलतोय.

तुझ्या आबांनी मेंढरं विकली तेव्हा आपण सहावीत होतो. त्याआधी दिवाळी झाली की तुमचं बिऱ्हाड घोड्यावर चढायचं, कोकणाकडं निघायचं आणि तू वर्गातून नाहीसा व्हायचास. परत यायचास तो माझ्यापेक्षा हातभर काळा आणि चार गोष्टी जास्त माहीत असलेला. मग कालव्याचं पाणी रानात आलं, ऊस उभा राहिला, आणि आबा म्हणाले, आता हिंडणं बास. व्यापाऱ्यानं कळप हाकला त्या दिवशी तू त्याच्या मागं थेट चौफुल्यापर्यंत चालत गेलास. आबांनी तुला सायकलच्या दांडीवर बसवून परत आणलं. पुढं मी तुला कितीदा म्हणायचो, तू त्या रस्त्यावरच राहिलास बघ, घरी आलाच नाहीस. तू म्हणायचास, "लई शाणा हाईस. मला खेळायला आवडतं म्हणून खेळतो. त्यात कशाला मेंढरं आणतोस?"

तुझंच खरं असेल. माणूस असा का, याचं कारण सापडलं की मला बरं वाटतं. तुला त्याची गरज नव्हती.

रांजणगावला कंपन्या आल्या, मला मेंटेनन्सला नोकरी लागली आणि मी शिरूरला बिऱ्हाड केलं. एकदा गावी आलो असताना तुझी बायको, शालन वहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाल्या की ह्यांना कुठंतरी चिकटवा. मी ठेकेदाराकडं शब्द टाकला. तुला काम आवडलं नाही, पण कंपनीची बस फार आवडली. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून तू सगळ्यांच्या आधी स्टॉपवर येऊन उभा राहायचास. महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तू क्रेनच्या हुकाला लोंबकळलास आणि ऑपरेटरला पटवून शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायला निघालास. मी डबा सोडून धावत आलो. सुपरवायझर खाली उभा राहून विचारत होता, "ये किसका आदमी है?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. तू वरून हात हलवलास.

त्याच दिवशी तुला काढलं. परतीच्या बसमध्ये मी धुमसत होतो. वहिनींना काय तोंड दाखवू, असं विचारलं तर तू म्हणालास, सांग की हुक तुटला न्हाई. थोड्या वेळानं म्हणालास, "वरनं सगळी कंपनी दिसती. तू कवा बघितलीस का?" मला त्या शेडमध्ये कितीतरी वर्षं झाली होती. मी बघितली नव्हती.

आता माझ्या आईचं.

आईला विसर पडायला लागला तेव्हा आम्ही सगळे घाबरून गेलो होतो. ती स्वतःला आठ-दहा वर्षांची समजायची. मला दादा म्हणायची आणि घरी सोड म्हणून रडायची. आम्ही तिला समजावायचो, औषधं द्यायचो, कधी तिच्या मनासारखं नाटक करायचो. ते नाटक आहे हे तिला कळायचं आणि ती जास्तच रडायची. तू एका रविवारी लुनावर बसून आलास, तिच्यासमोर फतकल मारलीस आणि खिशातून सागरगोटे काढलेस. ती बघत राहिली. मग पदर खोचून खेळायला बसली. तू लबाडी केलीस तर तिनं तुझ्या हातावर चापट मारली. तू खरोखरच चिडलास. मी दारात उभा राहून बघत होतो. तू नाटक करत नव्हतास. तिला तिच्या वयाचं कुणीतरी भेटलं होतं.

त्यानंतर ती जाईपर्यंत तू येत राहिलास. खुटबाव ते शिरूर, त्या खटारा लुनावर. आईला माझं नाव आठवत नव्हतं, पण रविवार आठवायचा. मी तुझे आभार मानले नाहीत. आपल्यात तसं मानायची पद्धतही नाही. आज मानतो, तर ऐकायला तू नाहीस.

पण याच गोष्टीला दुसरी बाजू होती, आणि ती मला वहिनींनी दाखवली. आईच्या दिवसांना त्या आल्या होत्या. मी म्हणालो, वहिनी, सर्जानं माझ्या आईचे शेवटचे दिवस सुखाचे केले. त्यांनी ऐकून घेतलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "लई चांगलं केलं त्यांनी. पर एका ऐतवारी आमचा काढलेला कांदा रानात पडला हुता आन् पाऊस आला. मी आन् राणीनं दोघींनीच झाकला, भावजी. जेवढा झाकला तेवढा. मला दोन लेकरं हायती. त्यातलं धाकटं म्हंजी तुमचे दोस्त."

तुझी राणी तेव्हा सहावी-सातवीत असेल. बापाला जेवायला हाक मारायला ती वडाखाली यायची आणि आईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आम्ही हसायचो. वहिनींचं बोलणं ऐकल्यापासून मला त्याचं हसू येईना.

मी तुला बोललो त्यावरून. कालव्याच्या कडेला बसलो होतो आपण. तू म्हणालास, "म्या कुणाचं वाईट केलं का?" मी म्हणालो, वाईट केलं नाहीस, पण केलंस काय? तू उठून निघून गेलास. पुढच्या वेळी भेटलास तेव्हा काही झालंच नाही असा वागलास. तो वाद आपण अधूनमधून पुन्हा काढायचो आणि दरवेळी तिथंच सोडायचो. तू घरात नसल्यानं एकटीनं राबून वहिनींच्या कमरेचं काय झालं हे मी पाहत होतो. आणि तू नसतास तर माझ्या आईचं काय झालं असतं, तेही मला माहीत होतं. ही दोन्ही खरी आहेत आणि मला ती एकत्र बसवता आली नाहीत. अजून येत नाहीत.

मग ते गुऱ्हाळ.

त्या हंगामात तुला गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं घालायचं काम मिळालं होतं. जाळाशी खेळायला मिळतं आणि गरम काकवी खायला मिळते, म्हणून तू खूश होतास. मी सुट्टीच्या दिवशी आलो तर तुझ्याभोवती पोरं जमलेली. तू चार निखारे बाहेर ओढलेस, त्यांवर अनवाणी पाय ठेवलास आणि माझ्याकडं बघून म्हणालास, "बघ रम्या. भाजत न्हाई मला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर शोधत असलेली जादू सापडावी, तसा तुझा चेहरा झाला होता.

मी पुढं होऊन तुझा पाय हातात घेतला. तळव्याची कातडी भाजून सुटली होती. वास येत होता. तू माझ्याकडं आश्चर्यानं बघत होतास, कारण तुला खरंच काही कळत नव्हतं.

केडगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगर आहे, बरीच जुनी आहे, पायाच्या नसा मेल्यात. तुझा चेहरा पडला. आजाराचं ऐकून नाही पडला. ती जादू नव्हती, हे ऐकून पडला.

पुढं तू बूट घालायला लागलास. आम्हाला वाटलं, आली बाबा अक्कल. वहिनींनी मला फोन करून मुद्दाम सांगितलं, ह्ये आता बूट घालत्यात. त्या बुटाच्या आत तू जखम लपवत होतास, जसं शाळेत नापासाचं प्रगतिपुस्तक आपण दप्तराच्या तळाशी लपवायचो. राणीला वास आला म्हणून ते उघडकीला आलं. तोवर पाय काळा पडला होता. तुला पुण्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर विष अंगभर जाईल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वहिनी खाली औषधं आणायला गेल्या आणि तू पळून गेलास.

मला राणीचा फोन आला तेव्हा मी कंपनीत होतो. ती म्हणाली, काका, पप्पा यवतला रसवंतीत बसलेत, तिथल्या माणसानं ओळखलं आन् घरी कळवलं, मम्मीलाबी सांगितलंय. मी मोटरसायकल काढली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला, तिथून यवतला आलो. वाटेत तुला काय काय बोलायचं ते सगळं जुळवत आलो होतो. तू हायवेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतास. अंगात दवाखान्याचा हिरवा सदरा, पायाच्या बँडेजवर पिशवी बांधलेली, हातात उसाच्या रसाचा ग्लास. शुगरच्या माणसाच्या हातात. तू मला विचारलंस, तुलाबी सांगू का एक?

माझं जुळवलेलं सगळं गेलं. मी तुझ्याशेजारी बसलो.

तू पँट वर ओढलीस आणि नडगीवर पेनानं मारलेली निळी रेघ दाखवलीस. डॉक्टर इथं खूण करून गेला, म्हणालास. मी म्हणालो, सर्जा, चल परत. तू ग्लास खाली ठेवलास.

"रम्या, मला समजतंय सगळं. लोकांना वाटतं, ह्याला समजत न्हाई. पाय गेला की मी खाटंवर बसायचा. आन् खाटंवर बसलेला मी कोण असंल, त्ये मला म्हाईत न्हाई. मला मरायचं भ्या न्हाई वाटत. त्या माणसाचं वाटतं."

इतक्या वर्षांत तू माझ्याशी असं कधी बोलला नव्हतास. ट्रक जात होते, रसवंतीचा चरक घुंगरं वाजवत फिरत होता. तेवढ्यात पुण्याकडून आलेल्या एसटीतून वहिनी उतरल्या. हातात औषधांची पिशवी तशीच होती. मला वाटलं, आता त्या भर रस्त्यात तुझ्यावर ओरडणार. त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. रसवंतीवाल्यानं पाणी दिलं, ते प्यायल्या. मग तुझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला जमत न्हाई म्हणून आजवर सगळं म्या जमवलं. आता येवढं एक तुम्ही जमवा. माझ्यासाठी करा."

त्यांनी तुझ्याकडं काही मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तूही ऐकलं नसशील. तू माझ्याकडं बघितलंस. मी म्हणालो, चल. मोटरसायकल तिथंच ठेवली आणि एका बाजूनं मी, एका बाजूनं वहिनी, असं तुला पुण्याला निघालेल्या एका जीपमध्ये बसवलं. जीप निघाली तेव्हा तू माझ्या कानाशी म्हणालास, "आज मला उचलून न्हेलंस त्ये बरं केलंस का वाईट, त्ये तुला मागनं सांगीन."

पाय गेला. जखम भरली. तू घरी आलास, पडवीत तुझी खाट पडली आणि सगळं गाव म्हणायला लागलं, सर्जा शहाणा झाला.

झालास खरा. लाइट कधी येते आणि मोटार कधी चालू करायची ते तुला पाठ झालं. कांद्याचा बाजार काय निघाला, ते तू विचारायला लागलास. राणीची दहावीची गणितं तू तपासायचास, येत नसली तरी. काकवी नाही, गूळ नाही, इंजेक्शनची वेळ चुकायची नाही. वहिनींची तब्येत सुधारली. पोरं सुरुवातीला खाटेभोवती यायची, मग हळूहळू यायची बंद झाली. तूही त्यांना बोलावलं नाहीस.

मी रविवारी यायचो. एकदा तुला हसवावं म्हणून मी क्रेनची गोष्ट काढली. सगळी रंगवून सांगितली, सुपरवायझरच्या हिंदीसकट. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "तवा तुला लई त्रास झाला असंल, न्हाई? कंपनीत मान खाली घालावी लागली आसंल तुला. चुकलंच माझं." सर्जा, मला तुझी माफी नको होती. वीस माणसांसमोर जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी मला त्या पडवीत वाटली. मी चहा अर्धा टाकून उठलो. वाटेत न्हावऱ्याला गाडी बाजूला घेतली आणि थांबलो. घरी जाऊन बायकोला म्हणालो, सर्जा किती सुधारला, आणि मला जेवण गेलं नाही.

ते मागनं सांगणार होतास, ते मी कधी विचारलं नाही. दरवेळी ठरवून यायचो. बरं केलंस म्हणाला असतास, तर मला ते खरं वाटलं नसतं. वाईट केलंस म्हणाला असतास, तर पुढं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आणि वहिनी आत चुलीपाशी असायच्या. त्यांच्या कानावर पडेल असं कसं विचारणार? तूही आपण होऊन बोलला नाहीस. शेवटच्या भेटीत एवढंच म्हणालास की राणीला पुढं शिरूरच्या कॉलेजला घालायचंय, तुझ्याकडं ठेवशील का. मी म्हणालो, हे काय विचारणं झालं? तू मान हलवलीस आणि रस्त्याकडं बघत राहिलास. शाळा सुटली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात दुपारी जेवून झोपलास तो उठला नाहीस.

काल मी खुटबावला गेलो होतो. तेरावा होऊन पाहुणे पांगले होते. राणीच्या प्रवेशाचं बोलायचं होतं, ते बोलून झालं. ती रानात गेली. वहिनी उंबऱ्यावर बसल्या होत्या, मी पडवीत. तुझी खाट त्यांनी अजून हलवलेली नाही.

त्या आपणहून बोलायला लागल्या. म्हणाल्या, ही दोन वर्षं मी संसार केला. ह्ये माझ्याजवळ बसायचे, हातानं कांदे निवडू लागायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, तू कवा थकतीस का? लग्नाला येवढी वर्षं झाली, त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. माझ्या माहेरचं, मी बारकी असतानाचं, सगळं विचारून घेतलं. मी बोलत राहायचे आणि ह्ये ऐकत राहायचे. लोक म्हणतात, पाय गेला, वाईट झालं. मला कसं म्हणता येईल, भावजी?

मी ऐकत होतो आणि माझी मला शरम वाटत होती. कारण हीच दोन वर्षं मी मनात तुझं सुतक धरून होतो. मला माझा दोस्त गेल्यासारखं वाटत होतं, तेव्हा या बाईला तिचा नवरा मिळाला होता. मग तू कुणाचा होतास, आणि खरा कुठला होतास? यवतला खुर्चीत बसून तू ज्याला भ्यालास, त्याच माणसाची त्या आठवण काढत होत्या. तो चांगला माणूस होता, सर्जा. मी त्याच्याशी नीट बोललो नाही.

बोलता बोलता वहिनी थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एक विचारू? खरं सांगा. तुम्ही ऐतवारी यायचे, दोघंच बसायचे. तवा ह्ये हसायचे का हो? माझ्याजवळ हसले न्हाईत. पाय गेल्यापासनं एकदाबी न्हाई. मला वाटायचं, तुमच्याजवळ तरी हसत असतील."

मी म्हणालो, "हसायचा की. मी आलो की हसायचाच."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी तुझ्या खाटेकडं बघत बसलो.

पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच सांगेन. तुझ्याशी मात्र खोटं बोलता येत नाही, म्हणून हे लिहिलं.

तुझा,
रम्या